उत्तरेची वाट

नागपूरच्या माणसाला समुद्राचे अप्रूप फार. चहूकडे जमीनच जमीन. म्हणून आम्ही दर्यावर्दींच्या हकीकती मुंबईकरांपेक्षा अधिक भक्तिभावाने वाचतो. त्यातही वैशाखात, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून, बर्फात अडकलेल्या जहाजांची कथा वाचण्याची गोडी काही औरच! या दर्यावर्दींत यान व्हान लिन्सखोतन हा डच गृहस्थ मला घरचा वाटतो. कारण तो आपल्या गोव्यात राहून गेला.

१५८३ साली, ऐन विशीत, तो गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस म्हणून आला आणि पाचेक वर्षे राहिला. आंबा, नारळ, विड्याचे पान, बाजार, चालीरीती, जे दिसेल ते त्याने टिपले. आफ्रिकेला वळसा घालून येणारी सागरी वाट पोर्तुगीज तिजोरीतल्या दागिन्यासारखी जपत. तिच्याही खाणाखुणा या चिटणिसाच्या वह्यांत उतरल्या.

१५९२ साली तो मायदेशी परतला. दक्षिणेची वाट लांबची आणि पोर्तुगीजांच्या पहाऱ्यातली. तेव्हा रशियाच्या डोक्यावरून चीन गाठता येईल काय, असा विचार डच व्यापाऱ्यांनी केला. १५९४ च्या मोहिमेत विलेम बॅरेंट्स होता, तसा लिन्सखोतनही होता. त्याची तुकडी वायगाच बेटाजवळच्या सामुद्रधुनीतून कारा समुद्रात शिरली. पुढे मोकळे पाणी दिसले आणि वाट सापडलीच, अशा आनंदात मंडळी घरी आली. दुसऱ्या वर्षी सात जहाजे निघाली. बर्फाने ती परतवून लावली. १५९६ च्या तिसऱ्या मोहिमेत लिन्सखोतन नव्हता. त्या वेळी नोवाया झेम्ल्या बेटावर लाकडांचे घर उभारून खलाशांनी हिवाळा काढला. परतीच्या वाटेवर, १५९७ च्या जूनमध्ये, बॅरेंट्सने प्राण सोडला. ही वाट पुरी व्हायला १८७९ साल उजाडले. ती पुरी केली नॉर्डेनशेल्डच्या ‘व्हेगा’ जहाजाने.

इकडे दैवाची गंमत पाहा. लिन्सखोतनने जमवलेली माहिती हाताशी घेऊन डच जहाजे दक्षिणेच्याच वाटेने १५९६ साली जावा बेटावर पोचली. त्याच वर्षी त्याचा प्रवासग्रंथही छापून निघाला. ज्या दारावर त्याने धडका दिल्या ते बंदच राहिले. आणि ज्याची किल्ली वहीत होती ते सताड उघडले.

मी मराठीचा अध्यापक. म्हणून मला त्याच वर्षांत गोव्यात असलेला आणखी एक परदेशी आठवतो, फादर थॉमस स्टीफन्स. हा इंग्रज १५७९ साली आला तो धर्मप्रसारासाठी. पण परतला नाही. तो आमची भाषा शिकला आणि १६१६ साली सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून गेला. लिन्सखोतनने आमचा किनारा पाहिला. स्टीफन्सने आमचा उंबरठा ओलांडला.

आशियाच्या वाटा शोधणाऱ्यांच्या यादीत स्टीफन्सचे नाव कोणी घालत नाही. मी मात्र घालतो. मिऱ्यांची पोती नेण्यासाठी समुद्राची वाट पुरते. पण माणसांपर्यंत पोचायचे, तर त्यांच्या शब्दांतूनच जावे लागते. त्या वाटेवर बर्फ नसेल. पण हिवाळा तिथेही काढावा लागतो, आणि तो एका वर्षात सरत नाही.