जुन्या बाजारातले यान

जुनी वस्तू घेताना माणूस आधी तिच्या प्रेमात पडतो आणि कारणे मागाहून शोधतो, असे माझे आता मत झाले आहे. माझी कारणे तर फारच भारदस्त होती. गेल्या वर्षी उपयोगमूल्य आणि विनिमयमूल्य यांतला फरक शिकवताना सरांनी अ‍ॅडम स्मिथचे पाण्याचे आणि हिऱ्याचे उदाहरण दिले होते. पाण्यावाचून जगता येत नाही, तरी त्याला भाव नाही. हिऱ्याचे तसे काही अडत नाही, तरी त्याला मोल फार. हे मी परीक्षेत लिहिले, गुण मिळवले आणि विसरून गेले. पुन्हा आठवले ते पुण्याच्या जुन्या बाजारात, एका फाटक्या ताडपत्रीसमोर.

मंगळवार पेठेतला हा बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. मी गेले होते एखादा जुना शब्दकोश मिळतो का ते पाहायला. कोश मिळाला नाही. दिसली एक प्लॅस्टिकची पिशवी. तीत निळे आणि करडे ठोकळे, पिवळ्या पारदर्शक काचा, अर्धवट जोडलेला एक पंख, आणि एका ठोकळ्यावर छापलेली अक्षरे : एलएल ९२८.

“रॉकेट आहे ताई, फॉरेनचं. अडीच हजार.”

मी न घेता घरी आले, पण ती अक्षरे डोक्यातून जाईनात. शोध घेतला तेव्हा कळले की हे लेगो या डॅनिश कंपनीचे १९७९ सालचे अंतराळयान. मूळ संचात ३३८ तुकडे आणि चार अंतराळवीर, दोन तांबडे व दोन पांढरे. ही कंपनी १९३२ साली एका सुताराने सुरू केली. डोक्यावर गोल उंचवटे आणि आत नळ्या असलेल्या ठोकळ्याचे पेटंट २८ जानेवारी १९५८ चे. त्या वेळचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो म्हणतात. कंपनीला ९० वर्षे झाली तेव्हा, २०२२ साली, तिने हेच यान मोठे करून १२५४ तुकड्यांत पुन्हा काढले. जुन्यासाठी लोक मागत होते त्या किमती पाहून मात्र मी उठूनच बसले.

शिकवण्यांचे अठराशे रुपये माझ्याकडे जमले होते. परीक्षेचा फॉर्म आणि पुस्तके यांसाठी ते होते. ते यानात घालायचे, यान दुपटीने विकायचे, असा माझा बेत. आमच्या घरात आजवर कोणी विकण्यासाठी वस्तू घेतलेली नाही. घेतली ती वापरण्यासाठी, आणि वापरून झिजली की भंगारात. त्यामुळे आप्पांना हे सांगताना माझी जीभ जरा अडखळली.

आप्पा भोसरी एमआयडीसीत इंजेक्शन मोल्डिंगच्या मशीनवर आहेत. चाकणला जाणाऱ्या मोटारींच्या आरशामागची कव्हरे ते काढतात. अंतराळयानातले त्यांना काही कळत नाही. पण लेगोचे ठोकळे १९६३ पासून एबीएस प्लॅस्टिकचे आहेत, आणि एबीएस त्यांना कळते. “बघू तरी,” एवढेच ते म्हणाले. पुढच्या रविवारी नाशिक फाट्याहून आम्ही मेट्रो धरली.

ताडपत्रीसमोर आप्पा उकिडवे बसले. त्यांनी आधी एक निळा ठोकळा उन्हाकडे धरला, कडेवरून नख फिरवले, मग दुसऱ्यावर दाबून बसवला, काढला, पुन्हा बसवला. असे पाच-सहा वेळा. विक्रेता हसायला लागला.

“फ्लॅश नाही, सिंक नाही,” आप्पा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. “दाणा नीट सुकवलेला आहे, नाहीतर अंगावर चांदी उठते. एवढी वर्षं झाली तरी पकड बघ. डाय बनवणारा मोठा माणूस असला पाहिजे.”

मला वाटले, जिंकले! पण त्यांचे संपले नव्हते. करडा पंख त्यांनी उलटा केला. वरची बाजू पिवळट, खालची स्वच्छ. “हे खिडकीत पडून होतं. ऊन खाल्लंय.” मग त्यांनी ठोकळ्यांची डोकी पाहायला सुरुवात केली. खऱ्या लेगोच्या प्रत्येक उंचवट्यावर कंपनीचे नाव असते, हे मीच त्यांना सांगितले होते. बिननावाचे अकरा निघाले. ते बसवले की सैल पडत. अंतराळवीर तीनच होते, आणि तांबड्याच्या शिरस्त्राणाचा हनुवटीखालचा पट्टा तडकलेला. “भिंत पातळ आहे इथं. इथंच जाणार,” आप्पा म्हणाले. यानाचे नाकही पिशवीत नव्हते.

“विकायला घेत असशील तर घेऊ नकोस,” ते उठत म्हणाले. “लोक किती मागतात ते बघितलंस. किती देतात ते बघितलंस का?”

बघितले नव्हते. अर्थशास्त्र शिकणाऱ्या मुलीला हा प्रश्न मशीनवरच्या माणसाने विचारावा, याची लाज वाटली. मी निघाले. पाच-सात पावलांवर पाहते तो आप्पा मागेच उभे.

“काका, शेवटचे बाराशे द्या,” विक्रेता म्हणत होता.

“नाक नाही त्याला. नऊशे.”

हजारावर मिटले. सहाशे आप्पांनी खिशातून काढले आणि चारशे माझ्याकडून मागून घेतले, तेही अशा आवाजात की जणू मीच हट्ट धरला होता. माझ्या बेताच्या दृष्टीने हा सरळ तोटाच. पुस्तकांतले एक आता ग्रंथालयातून आणावे लागेल. आईने पिशवी पाहून विचारले, “हे कुणासाठी?” आम्ही दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवले.

जोडणीच्या पुस्तिकेची चित्रे मी फोनवर उघडून देते. मी एक पान पुढे गेले की आप्पा “थांब” म्हणतात. आजवर त्यांनी किती आरशांची कव्हरे काढली असतील याचा हिशेब त्यांच्याकडेही नाही. ती मोटारीला लागताना त्यांनी पाहिलेली नाहीत. या आठवड्यात त्यांची तिसरी पाळी आहे. सकाळी घरी आल्यावर चहा होईपर्यंत ते फरशीवर बसून पंख लावतात. बिननावाचे अकरा तुकडे त्यांनी काडेपेटीत वेगळे ठेवले आहेत. नाकाच्या जागी सध्या भोक आहे.