उंबराच्या बदल्यात

लॅण्डस्केपचा नकाशा समोर आला की मी आधी इमारतीचा उभा छेद मागतो. हिरवी वर्तुळं नंतर. तळघर कुठवर गेलं आहे आणि त्याच्या स्लॅबवर माती किती टाकणार, हे छेदातच कळतं. मुंबईच्या उपनगरातल्या आमच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला आणि आराखडा हाती आला, तेव्हा तळघराची भिंत जवळजवळ कुंपणाला भिडलेली दिसली. नकाशावर दाट राई, आणि राईखाली दोन मजले गाड्या.

झाडांचा वेगळा तक्ता होता. क्रमांक, जात, बुंध्याचा घेर, आणि शेवटच्या रकान्यात निकाल: राखणे, हलवणे, तोडणे. पश्चिमेच्या कुंपणालगतच्या उंबरापुढे ‘तोडणे’ लिहिलं होतं. त्याच्या बदल्यात पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या स्लॅबवर, बाटली पाम.

हा बदला मला पटत नाही. उंबर वर्षातून अनेकदा फळतो. फळाच्या आत फुलं, आणि त्यांचं परागीभवन करायला इवल्याशा गांधीलमाश्या. त्या माश्या उंबराशिवाय जगत नाहीत, उंबराचं बी त्यांच्याशिवाय धरत नाही. बाकी झाडं रिकामी असतात त्या दिवसांत तांबट, धनेश आणि रात्री वटवाघळं इथेच येतात. पामच्या झावळ्यांत यातलं काय सामावणार? ‘एक झाड गेलं, एक आलं’ असा हिशेब तक्त्यात जुळतो, पण तो तांबटाला विचारून केलेला नसतो.

कायद्याने हा हिशेब थोडा सुधारला आहे, हे मान्य करायला हवं. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी 1975 चा अधिनियम आहे. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलं आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी रोपं लावायची असं ठरवलं. झाडाची किंमत त्याच्या वयात असते, हे प्रथमच कागदावर आलं. पण चाळीस वर्षांच्या झाडाची चाळीस रोपं आमच्या आवारात मावणार कुठे? ती दूर कुठेतरी लागतात. आमच्या गल्लीतली सावली मात्र गेलेली असते.

म्हणून माझा आग्रह रोपांच्या संख्येपेक्षा मातीचा आहे. झाडाची बहुतेक पोषक मुळं वरच्या मीटरभर मातीत असतात, पण आडवी पसरतात ती फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे. स्लॅबवरच्या वाफ्यात मोठं झाड लावलं तर ते खुजं राहतं, किंवा वाढून वादळात कलंडतं. पावसाचं पाणीही तिथून जमिनीत मुरत नाही, पाइपाने गटारात जातं. मुंबईतल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली किमान करमणुकीची मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर नाही, असं सांगितलं होतं. त्या निकालामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. खेळणाऱ्या पोराला आणि वाढणाऱ्या झाडाला एकच गोष्ट लागते, खरी जमीन.

उंबर हलवायचाच असेल तर वड-पिंपळाच्या कुळातला असल्याने तो इतरांपेक्षा बरा तग धरेल. पण त्यासाठी काही महिने आधीपासून टप्प्याटप्प्याने मुळं छाटून गड्डा बांधावा लागतो, आणि नंतर उन्हाळ्यात नेमाने पाणी द्यावं लागतं. आदल्या दिवशी क्रेन बोलावून हे होत नाही. त्यापेक्षा त्याला आहे तिथेच ठेवणं सोपं आहे. पश्चिमेची तळघराची भिंत आत घ्यायची. मग उंबर राहतो, शेजारचा करंज राहतो, आणि मधल्या पट्ट्यात ताम्हण, बहावा, बकुळ यांना थेट जमिनीत जागा मिळते.

आर्किटेक्ट मुलगी समंजस आहे. तिने भिंत सरकवून पाहिली आणि म्हणाली, “काका, जमेल. पण काही पार्किंग जातील, आणि त्यासाठी सभासद तयार व्हायला हवेत.” ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेत येणार आहे. माझ्या वाट्याची पार्किंगची जागा मी सोडतो आहे, असं पत्र मी सेक्रेटरींना दिलं आहे. तळमजल्यावरच्या दोन घरांनीही तसंच कळवलं आहे. अजून काही जागा हव्या आहेत, आणि सभेआधी मी प्रत्येक मजल्यावर जाणार आहे.