किती चालली आणि कशी चालली

नागपूरजवळच्या मौद्याकडे जुनी मोटारसायकल विकायला काढली की पहिला प्रश्न ठरलेला : किती चालली? आकडा जितका लहान, तितका विकणारा ताठ. इथे लंडनमध्ये स्पोर्ट टूरर विकताना हा प्रश्न जरा मागे पडतो, आणि मला ते शहाणपणाचं वाटतं. होंडा व्हीएफआर किंवा कावासाकी निन्जा 1000 एसएक्स मुळात लांब पल्ल्यासाठीच बांधलेली. तापलेल्या इंजिनावर एका लयीत कापलेले मैल तिला जड जात नाहीत. थंड इंजिन चालू करून चौकापर्यंत मारलेल्या फेऱ्या जास्त झिजवतात. वर्षानुवर्षं कव्हरखाली उभ्या गाडीचं ब्रेक ऑईल ओलावा धरतं, टायर कडक होतात. म्हणून जाणकार गिऱ्हाईक मीटर पाहण्याआधी खाली वाकतं. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. मग साखळी एका जागी ताठ आणि दुसरीकडे सैल लागते का, फोर्कच्या सीलखाली तेलाचा ओघळ आहे का, हे बघायचं.

तरी डोळ्यांना दिसते ती अर्धीच निगा. व्हॉल्व्ह क्लिअरन्स तपासला की नाही, हे बाहेरून कुणाला कळणार? तिथे कागदच बोलतो. इथे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी तपासणी सक्तीची, आणि तिचा निकाल गाडीच्या नंबरावर कुणालाही ऑनलाइन फुकट पाहता येतो : त्या दिवशीचं मीटर, नापास झाली असल्यास कारण, ‘पुढचे ब्रेक पॅड संपत आलेत’ अशी सूचनाही. यात फट नाही असं नाही. पहिली तीन वर्षं नोंदच नसते आणि तपासणी त्या दिवसापुरतीच. पण मीटर मागे फिरवलं तर ते लपवणं कठीण जातं. आपल्याकडे एम-परिवहनवर मालक, विमा, पीयूसी दिसतं. गाडीची प्रकृती नाही.

कुणी म्हणेल, मौद्यात कागद कशाला? मिस्त्री ओळखीचा, मालक ओळखीचा. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला हे खरंच पुरतं, उगाच लंडनचं कौतुक नको. पण लाखांच्या टूररचं गिऱ्हाईक गावात सहसा मिळत नाही. ते नागपूर, भंडारा, फार तर रायपूरहून महामार्गाने येणार. त्याला तुमचा मिस्त्री कोण ते ठाऊक नसतं. त्याच्यापुढे सर्व्हिसची बिलं, बदललेल्या भागांच्या पावत्या, दुसरी किल्ली ठेवली तर तुमची निगा पैशांत मोजली जाईल. ‘हातची गाडी आहे’ म्हणून नाही.

विकल्यानंतरचा कागद तर त्याहून महत्त्वाचा. इथे विकणारा डीव्हीएलए या वाहन नोंदणी खात्याला ऑनलाइन कळवून मोकळा होतो. आपल्याकडे फॉर्म 29 आणि 30 वर कोऱ्या सह्या ठोकून गाडी देऊन टाकण्याची रीत आहे. नाव मात्र एमएच-40 च्या आरटीओ दप्तरात जुनंच. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय : गाडी पुढे कितीही हातांतून गेली, तरी अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीकृत मालकच जबाबदार. पैसे हातात आले तरी नाव बदलल्याशिवाय किल्ली सोडू नका.