घोड्यांचं बंदर आणि बिबट्याची वाट

रस्त्यांना नावं कशी पडतात, माहीत आहे? कधी एखाद्या थोर माणसाचं नाव देतात, तर कधी रस्ता ज्या गावाला जातो त्या गावाचं नाव त्याला चिकटतं. ठाण्याचा घोडबंदर रोड या दुसऱ्या प्रकारातला. गंमत म्हणजे या रस्त्यानं रोज ये-जा करणाऱ्या कितीतरी लोकांनी घोडबंदर हे गाव कधी पाहिलेलंच नसतं!

ठाण्याच्या कापूरबावडी नाक्यावरून निघालेला हा रस्ता सुमारे २० किलोमीटर धावतो आणि घोडबंदरजवळ मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो. चला तर, आज याची गोष्ट ऐकू या.

आधी होता पाण्याचा रस्ता

भूगोलाचा नकाशा समोर घ्या. कर्जत-बदलापूरकडून येणारी उल्हास नदी कल्याणला वळसा घालून ठाण्याच्या उत्तरेला येते आणि पुढे वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी. या दोन खाड्या आणि पश्चिमेचा समुद्र यांच्यामध्ये आहे साष्टी बेट. घोडबंदर रोड चालतो तो या बेटाच्या उत्तरेच्या कडेकडेनं.

आज आपण ज्याला नुसतं ‘खाडीचं पाणी’ म्हणतो, तो त्या काळचा हमरस्ता होता, बरं का! कल्याण हे फार जुनं बंदर. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी जिंकली आणि मग तिथेच स्वराज्याच्या आरमाराची जहाजं बांधायला घेतली. पण कल्याणहून समुद्र गाठायचा तर या खाड्यांतूनच जायला हवं. आणि खाड्यांच्या काठावर ठाणं, घोडबंदर, वसई ही सगळी ठाणी पोर्तुगीजांच्या हातात! घराबाहेर पडायच्या दारातच शेजाऱ्यानं खाट टाकून बसावं, तसा हा प्रकार.

घोडबंदरचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधला तो याचसाठी. खाडीकाठच्या छोट्या टेकडीवर तो आजही उभा आहे. वर गेलात की खालून कोण येतं, कोण जातं, सगळं दिसतं. अरबस्तानातून जहाजांनी आणलेले घोडे या बंदरात उतरवत, म्हणून हे घोडबंदर, असं सांगतात. दख्खनच्या राजांना अरबी घोड्यांची मोठी गरज असे. तेव्हाचा घोडा म्हणजे आजचा रणगाडाच समजा ना!

मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं. चिमाजीअप्पांच्या या मोहिमेत घोडबंदरही मराठ्यांकडे आलं आणि १७३९ च्या मे महिन्यात वसईही पडली. पुढे १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी त्यांच्याकडे गेली.

एका नावाचे दोन रस्ते

आता एक कोडं. मुंबईतही एक घोडबंदर रोड होता. कोणता? वांद्र्याहून अंधेरी, मालाडकडे जाणारा आजचा स्वामी विवेकानंद मार्ग, म्हणजे आपला एस. व्ही. रोड! त्याचं जुनं नाव घोडबंदर रोडच. मधल्या जंगलाच्या डोंगराला दोन्ही बाजूंनी वळसा घालून दोन वाटा एकाच बंदराकडे निघाल्या होत्या. यावरून त्या बंदराचं वजन कळतं.

मग आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली, पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली. पश्चिमेचे रूळ भाईंदरवरून वसईकडे गेले. दोन्हीकडे गाड्यांची धडधड सुरू झाली आणि मधलं घोडबंदर मात्र बाजूला पडलं. या पट्ट्यात रेल्वे आलीच नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

नावं वाचा, नकाशा कळेल

या रस्त्यावरच्या बसथांब्यांची नावं एकदा मोठ्यानं वाचून पाहा. कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा, भाईंदरपाडा, गायमुख. बावडी म्हणजे विहीर. पाडा म्हणजे छोटी वस्ती. आणि वाघबीळ? त्याचा अर्थ तुम्हाला सांगायला नकोच! भातशेती, विहिरी, पाडे आणि मागे येऊरचं रान, असा हा मुलूख होता. येऊरच्या रानात आजही वारल्यांचे पाडे आहेत.

१९८२ मध्ये ठाण्याची महानगरपालिका झाली. शहर वाढत वाढत या गावांपर्यंत आलं. १९९० नंतर तर उंच इमारतींची रांगच लागली. एका खिडकीतून डोंगर, दुसरीतून खाडी! असं घर कुणाला नको असेल? हजारो कुटुंबं राहायला आली. पण आगगाडी तर नाही. मग शाळा, ऑफिस, दवाखाना, सगळ्यांसाठी रस्ता एकच.

एक रस्ता, तीन नोकऱ्या

घोडबंदर रोडवर गाड्या अडल्या, गायमुखच्या घाटात खड्डे पडले, अशा बातम्या तुम्ही पावसाळ्यात ऐकता. असं का होतं? कारण हा एकटा रस्ता तीन नोकऱ्या करतो.

पहिली नोकरी महामार्गाची. नाशिककडून किंवा उरणच्या जवाहरलाल नेहरू बंदराकडून गुजरातला जाणारे मोठमोठे ट्रक आणि कंटेनर इथूनच जातात. म्हणून तर अवजड वाहनांना वेळेची बंधनं घालावी लागतात. दुसरी नोकरी गल्लीची. शाळेची बस, रिक्षा, भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या आजी, सगळे इथेच. एक ट्रक घाटात बंद पडला, की गुजरातचा माल आणि तुमचा पहिला तास, दोन्ही एकदमच चुकतात!

आणि तिसरी नोकरी? ती कुणाच्या फारशी ध्यानात येत नाही. रस्त्याच्या दक्षिणेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल. अलीकडच्या गणनेत तिथे पन्नासच्या आसपास बिबटे आढळले. पण गायमुखच्या पुढे, रस्त्याच्या उत्तरेलाही याच उद्यानाचा एक तुकडा आहे, नागलाचं जंगल. खाडीपलीकडे तुंगारेश्वर अभयारण्य. म्हणजे रस्ता जंगलाच्या कडेनं जात नाही, जंगल चिरत जातो. रात्री बिबट्याला या तुकड्यातून त्या तुकड्यात जायचं, तर हा रस्ता ओलांडावाच लागतो. भरधाव गाडीची धडक बसून इथे बिबटे मेलेले आहेत. त्याची वाट रस्त्याच्या आधीपासूनची, पण त्याच्यासाठी ना सिग्नल, ना झेब्रा क्रॉसिंग.

पुढे काय?

पहिल्या दोन नोकऱ्यांचा भार हलका करायचं काम चालू आहे. वडाळ्याहून कासारवडवली आणि पुढे गायमुखपर्यंत मेट्रो बांधायला घेतली. सप्टेंबर २०२५ मध्ये घोडबंदर रोडच्या बाजूला तिची चाचणी गाडी धावली. ज्या पट्ट्याला १८५३ मध्ये रूळ मिळाले नाहीत, त्याच्या डोक्यावरून ते आले! ठाणे-बोरिवली जोडबोगद्याचं भूमिपूजन १३ जुलै २०२४ ला झालं. जवळपास १२ किलोमीटरचा हा मार्ग राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून जाणार आहे. तो झाला, की बोरिवलीला जायला घोडबंदरचा वळसा नको.

पण बिबट्याचं काय? त्यालाही उत्तर आहे आणि तेही आपल्याच महाराष्ट्रात. नागपूरहून सिवनीकडे जाणारा महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. तिथे नऊ ठिकाणी रस्ता उचलून धरलाय. गाड्या वरून आणि प्राणी खालून! तिथे लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघसुद्धा खालून जाताना टिपले गेले. म्हणजे वाट ठेवली, तर प्राणी ती बरोबर शोधतात.

पोर्तुगीजांनी घोडबंदरच्या टेकडीवर किल्ला बांधला तो इतरांची वाट अडवायला. आपल्याला मात्र इथून जाणाऱ्या प्रत्येकाला वाट द्यायची आहे, ट्रकवाल्याला, शाळेच्या बसला आणि बिबट्यालाही.

तर आता सुट्टीत एक काम करा. घरच्या मोठ्यांना घेऊन घोडबंदरचा किल्ला पाहून या. वर चढून एकीकडे खाडी आणि दुसरीकडे डोंगर नीट न्याहाळा. आणि परतताना अंधार पडला, तर गाडी चालवणाऱ्या बाबांना किंवा काकांना गायमुखच्या आसपास हळूच सांगा, “जरा सावकाश हं, इथे कुणीतरी रस्ता ओलांडत असेल!”