जपानमध्ये भेटलेली आपली माणसे

गेल्या वर्षी भीमजयंतीचे कार्यक्रम आटोपून आम्ही उभयता जपानला जाऊन आलो. कारकुनाच्या पगारात असला प्रवास बसत नाही. आमचा भाचा ओसाका शहरात नोकरीला आहे, त्याने आग्रहाने तिकिटे पाठविली म्हणून जाणे घडले. निघताना वस्तीतली मंडळी म्हणाली, "बौद्ध राष्ट्र डोळे भरून पाहून या." आम्हीही विहारातल्या भाषणांतून वर्षानुवर्षे सांगत आलो होतो, की जपान बौद्ध आहे, म्हणून तेथे उच्चनीच नाही. त्या प्रवासातल्या एकाच दिवसाची हकीगत येथे देत आहोत. कारण त्या दिवसानंतर आमचे ते भाषण बदलले.

भाच्याच्या खोलीवर उतरलो त्या दिवशी एक गोष्ट मनाला लागली होती. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो नव्हता. पण परक्या मुलखात पोराला काय विचारायचे, म्हणून आम्ही गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचा, त्याच्या कार्यालयातला एक जपानी मित्र आणि आम्ही उभयता असे चौघे जण त्या मित्राच्या मोटारीने नारा येथे गेलो. ७१० साली हे शहर जपानची राजधानी झाले होते. तेथील उद्यानात हजाराहून अधिक हरणे मोकळी फिरतात. कोंड्याच्या चकत्या विकत मिळतात. चकती दाखविली की हरीण चक्क मान लववते. आमच्या आयुष्मतींनी एकाला चकती दिली, तोच दुसऱ्याने मागून त्यांच्या पदराचा घास घेतला. सारी मंडळी पोट धरून हसली.

तेथून तोदाइजी विहारात गेलो. आत सुमारे १५ मीटर उंचीची, कांस्याची बसलेली बुद्धमूर्ती आहे. मूर्तीचे डोळे रंगविण्याचा समारंभ ७५२ साली झाला. तो कुंचला ज्यांनी हाती धरला ते भिक्खू बोधिसेन आपल्या भारतातून गेलेले होते. कुंचल्याला दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या हाती धरल्या होत्या, म्हणजे त्या कामाला सर्वांचा हात लागावा. हे ऐकून आमचा ऊर भरून आला. आम्ही उभयतांनी तेथेच हात जोडून त्रिशरण म्हटले.

बाहेर पिंडोल भारद्वाजांची लाकडी मूर्ती आहे. आपले जे अंग दुखते, तेच मूर्तीचे अंग लोक चोळतात. आयुष्मतींनी मूर्तीच्या गुडघ्यावर हात फिरविला. आम्ही म्हटले, "अहो, याने काय होणार? परत गेल्यावर दवाखान्यात चला." त्या म्हणाल्या, "आपल्याच देशाचे आहेत, भेटीला आल्यासारखा हात लावला." आम्ही निरुत्तर झालो.

दुपारी जेवायला बसलो. त्या भागात शिरका घातलेल्या भातावर खारवलेली बांगड्यासारखी मासळी ठेवून ती 'काकी'च्या पानात गुंडाळतात. काकी हे आपल्या टेंभुर्णीच्या कुळातले झाड. पान सोडून आतला घास खायचा. चव आंबट-खारट, भूक लागलेली, त्यामुळे छान लागले. जेवता जेवता आम्ही म्हणालो, "तुमचा देश भाग्यवान. बुद्धाचा देश, जातीचा काच नाही." भाच्याने ते सांगताना थोडी चाचपड केली. मित्राने हातातल्या काड्या खाली ठेवल्या. म्हणाला, "जेवण झाले की एक ठिकाण दाखवितो."

नारा प्रांतातच गोसे शहरात काशिवाबारा ही वस्ती आहे. तेथे १९९८ साली उघडलेले सुइहेइशा संघटनेचे संग्रहालय आहे. मित्र सांगत होता आणि आम्ही ऐकत होतो. मेलेली जनावरे उचलणे, कातडी कमावणे ही कामे करणाऱ्यांना जपानातही पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या वस्तीत ठेवले. त्या वस्तीला बुराकु म्हणतात. १८७१ साली सरकारी हुकमाने हा भेद रद्द झाला, पण मनातून गेला नाही. तेव्हा याच वस्तीतल्या तरुणांनी पुढाकार घेतला आणि ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे सुइहेइशाची स्थापना झाली. तिचा जाहीरनामा साइको मान्किची यांनी लिहिला. ते याच वस्तीतल्या बौद्ध मंदिराच्या पुरोहिताचे पुत्र. झेंडाही त्यांनीच योजिला, काळ्या कापडावर लाल काटेरी मुकुट. सुइहेइ म्हणजे सपाट, पाण्याच्या पातळीसारखे एकसमान. ते ऐकताच आमच्या डोळ्यांपुढे १९२७ सालचे चवदार तळे उभे राहिले. इकडे आणि तिकडे, पाच वर्षांच्या अंतराने!

मित्राने आणखी सांगितले, की काही बौद्ध मंदिरांनी बुराकु लोकांच्या थडग्यांवरसुद्धा हलकी नावे कोरली होती. अशा वस्त्यांच्या याद्यांची पुस्तके कंपन्यांना गुपचूप विकली जात होती, हे १९७५ साली उघड झाले. हा भेदभाव नाहीसा करण्यासाठी २०१६ साली कायदा करावा लागला. शेवटी हळूच म्हणाला, "माझी आई बुराकुतली. माझ्या थोरल्या बहिणीचे ठरलेले लग्न त्यावरूनच मोडले."

सकाळी बुद्धमूर्तीपुढे ऊर भरून आला होता. आता घशात आवंढा आला. आम्हालाही शहरात खोली शोधताना आडनाव विचारले गेले होते आणि मग खोली 'नुकतीच दिली गेली' होती.

संध्याकाळी त्याने आपल्या आईच्या घरी नेले. आजीबाईंनी दोन खास जिनसा पुढे ठेवल्या. एक, आपल्याच चरबीत कुरकुरीत होईस्तोवर तळलेली वजडी, गरम शेवयांच्या रश्शात घातलेली. दुसरी, वाळवलेल्या मांसाचे तुकडे. आयुष्मती एकदम म्हणाल्या, "अगंबाई, या तर चान्या! माझी आजी दोरीवर वाळत घालायची." इतरांनी टाकून दिलेल्यातून पोट भरणाऱ्यांचे हे अन्न आहे. मेलेल्या ढोराचे मांस खाणे सोडा, असे बाबासाहेबांनी महाडला बजावले, ते स्वाभिमानासाठी. ती उपासमार मात्र आमच्या आजीने आणि या आजीने सारखीच सोसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी आयुष्मती आणि आजीबाई हात हातात घेऊन कितीतरी वेळ बसल्या.

परत येताना भाचा म्हणाला, "मामा, फोटो कपाटात आहे. इथले देशी मित्र खोलीवर येतात, आडनावावरून खोदून विचारतात. भीती वाटते. याला मात्र मी सगळे सांगितले, कारण आधी त्याने मला सांगितले."

आम्ही रागावलो नाही. एवढेच म्हणालो, "बाळा, तिकडच्या पोरांनी १९२२ साली काटेरी मुकुट झेंड्यावर मिरविला. आपण फोटो लपवायचा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना पाहिले, तर बाबासाहेब भिंतीवर होते.

वाचक बंधू-भगिनींनो, आता आम्ही विहारात असे सांगतो, की केवळ देश बौद्ध झाल्याने माणसामाणसांतला भेद आपोआप जात नाही. तेथेही तो घालवायला माणसांना संघटित व्हावे लागले. आणि परदेशी गेलेल्या आपल्या मुलांना पत्रात, फोनवर एकदा जरूर विचारा, की फोटो कपाटात आहे की भिंतीवर?