राखीव यंत्राची पाळी

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत गेली सोळा वर्षे मी डेटाबेस सांभाळण्याचे काम करतो. गावाकडे कोणी विचारले, तर ‘बँकांच्या खातेवह्या सांभाळतो’ एवढेच सांगतो. ते खोटेही नाही. वही कागदाची राहिली नाही, इतकाच फरक.

अशा प्रत्येक वहीच्या किमान दोन प्रती ठेवतात. जिच्यात प्रत्यक्ष नोंदी होतात ती ‘प्रायमरी’. तिच्यातील प्रत्येक नोंद लगोलग मिळवून स्वतःत उतरवत राहते ती ‘स्टँडबाय’, म्हणजे राखीव. ही दुसरी प्रत दूरच्या शहरात का, हे मरोळकरांना समजावून सांगावे लागत नाही. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन मिठी नदी याच भागातून कुर्ल्याकडे जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तिने काय केले ते अनेकांना आठवत असेल.

परंतु दुसरी प्रत असणे वेगळे आणि ती वेळेवर उपयोगी पडणे वेगळे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार पावणेबाराच्या सुमारास थांबले. राखीव केंद्र असूनही कामकाज तिकडे हलवले गेले नाही. व्यवहार पुन्हा सुरू झाले ते दुपारी पावणेचारला. त्यानंतर सेबीने नियम कडक केले. पुढे २ मार्च २०२४ च्या शनिवारी बाजार मुद्दाम उघडण्यात आला : सव्वानऊ ते दहा नेहमीच्या केंद्रावरून आणि साडेअकरा ते साडेबारा राखीव केंद्रावरून. काहीही बिघडलेले नसताना केलेली ही बदली मला त्या साऱ्या प्रकरणातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

बिघाडानंतर घाईने करावी लागते ती ‘फेलओव्हर’. तेव्हा पहिले यंत्र बंद पडलेले असते आणि त्याच्या शेवटच्या नोंदी पलीकडे पोहोचल्या का, याची शाश्वती नसते. ‘स्विचओव्हर’ म्हणजे दोन्ही यंत्रे धडधाकट असताना ठरवून केलेली अदलाबदल. आधी व्यवहार थांबवायचे, शेवटची नोंद पलीकडे उतरल्याची खात्री करायची, मग प्रायमरीने पद सोडायचे आणि त्यानंतरच राखीवने ते घ्यायचे. मध्ये थोडा वेळ असा येतो की दोन्ही यंत्रे राखीव असतात, वहीचा धनी कोणीच नसतो. नवख्यांचे हात तेथे थरथरतात. मला मात्र उलट स्थितीचे भय अधिक वाटते. दोन्ही यंत्रे एकाच वेळी स्वतःला प्रायमरी समजू लागली, एकीत पैसे भरले गेले आणि दुसरीतून काढले गेले, तर खरी वही कोणती?

आपल्या वसतिगृहात घंटेचे काम असलेल्या मुलाच्या जोडीला दुसरा एक नेमलेला असे आणि महिन्यातील एक आठवडा घंटा त्यानेच द्यायची, पहिला ठणठणीत असला तरी. त्यामागचे कारण मला मरोळला आल्यावर उमगले.

निवृत्त कामगारांच्या ठेवी असलेल्या आमच्या एका ग्राहक संस्थेत ही अदलाबदल तीन वर्षे केवळ कागदावर यशस्वी होत होती. ‘चालत्या गाडीला हात कशाला लावायचा?’ हा तेथील अधिकाऱ्यांचा प्रश्न. अखेरीस एका शनिवारी रात्री परवानगी मिळाली. अदलाबदल अकरा मिनिटांत, एकही नोंद न गमावता झाली. अडले ते भलतीकडेच. रात्रीच्या व्याजआकारणीचा कार्यक्रम राखीव बाजूस कोणी बसवलाच नव्हता आणि दोन शाखांचे संगणक अजून मरोळचाच पत्ता शोधत होते. नोंदी आपोआप पलीकडे जातात. भोवतालची ही व्यवस्था कोणीतरी आठवणीने न्यावी लागते. खऱ्या पुराच्या दिवशी ठेवीदार दारात उभे असताना हे कळले असते. आम्हाला ते रविवारी पहाटे कळले आणि दुपारपर्यंत दोन्ही गोष्टी मार्गी लागल्या.

तासाभरात सारे पूर्ववत करावे, असा तेथे आग्रह होता. आम्ही तो मानला नाही. सोमवारी शाखा उघडल्या तेव्हा वही हैदराबादहून चालत होती आणि मरोळचे यंत्र मुकाट्याने नोंदी उतरवून घेत होते. आठवडाभर ती तशीच ठेवली. महिनाअखेरचे व्याजही तिकडूनच आकारले गेले.