सेमिनार, सेमिनरी आणि आमचे पऱ्हे

गेले तीन-चार महिने माझं वाचन जरा वेगळ्याच वाटेनं चाललंय. निमित्त माझी नात. ती पुण्याला तत्त्वज्ञानात एम.ए. करते. तिच्या वर्गातल्या मुलांसाठी यंदा कॅथलिक श्रद्धा आणि थिऑलॉजी या विषयावर सेमिनार झाला. दर शनिवारी दोन तास, असे आठ शनिवार. एकानं निबंध वाचायचा आणि बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. चालवणारे एक फादर, स्वतः प्राध्यापक. मुलं बारा, त्यांत कॅथलिक तिघंच. शनिवारी रात्री तिचा फोन यायचा, "आबा, आज काय झालं ऐका," आणि मी इकडे गोरेगावात वही-पेन घेऊन बसायचो. जन्मभर शाळेत शिकवलं, आता फोनवर शिकतोय!

आधी शब्दाची गंमत सांगतो. नागपूरला सेमिनरी हिल्सवर आपण कितीदा फिरायला गेलो असू, पण हे नाव कशावरून, हे कोणी विचारलं नाही. तिथे कॅथलिक धर्मगुरू घडवणारी सेमिनरी आहे, म्हणून टेकडीला ते नाव. आणि सेमिनरी म्हणजे मूळ लॅटिनमध्ये रोपवाटिका. आपल्या भाषेत पऱ्ह्यांची बांधी! ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेनं १५६३ साली ठरवलं की ठिकठिकाणी अशा रोपवाटिका असाव्यात, पोरं लहानपणापासून तिथं वाढवावीत आणि मग गावोगाव पाठवावीत. सेमिनार हा शब्दही त्याच मुळातला. आम्हा धानवाल्यांना हे समजावून सांगायला नको. पऱ्हे एका बांधीत दाट टाकतात, पण पीक यायचं तर ते उपटून दुसरीकडे रोवावे लागतात. जिथं उगवलं तिथंच ठेवलं तर नुसता हिरवा गालिचा दिसेल, लोंब्या धरणार नाहीत.

सेमिनारमध्ये वसईचा एक मुलगा होता. तो पहिल्याच शनिवारी म्हणाला, "आम्ही लहानपणी रविवारच्या वर्गात उत्तरं पाठ केली. ती कुठल्या प्रश्नांची होती ते आत्ता कळतंय." हे ऐकून मला हसू आलं. आपल्याकडेही हरिपाठ असाच तोंडपाठ असतो. पाठांतराला मी नावं ठेवणार नाही, तेही पऱ्हेच. पण पुढची रोवणी झाली पाहिजे.

ती कशी होते हे मला थॉमस अक्वायनस या संताच्या ग्रंथात दिसलं. हा इटलीतला, १२२५ ते १२७४. आपल्या चक्रधरस्वामींचा समकालीन म्हणा ना! त्याचा 'सुम्मा थिओलॉजी' हा ग्रंथ नवशिक्यांसाठी लिहिलेला आहे. नवशिक्यांसाठी, आणि त्यात पाचशेच्या वर प्रश्न! प्रत्येक मुद्द्याची रचना ठरलेली. आधी प्रश्न. मग आपल्या मताच्या विरुद्ध जेवढं जोरदार बोलता येईल तेवढं. त्यानंतर एखादं आधाराचं वचन, मग स्वतःचं उत्तर आणि शेवटी एकेका आक्षेपाचं निरसन. ज्यांनी थोडंफार शास्त्र वाचलंय ते लगेच म्हणतील, हा तर पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष. बी.ए.ला लीळाचरित्र होतं, त्यातही शिष्य विचारतात आणि स्वामी सांगतात. पण थॉमसचं एक विशेष वाटलं. 'देव आहे का?' हा प्रश्न तो ग्रंथाच्या आरंभीच घेतो, आणि पहिला आक्षेप लिहितो तो असा: देव जर अमर्याद चांगला असेल, तर जगात वाईट का आहे?

हा आक्षेप वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. ही गेली त्याला सहा वर्षं झाली. दोन वर्षं अंथरुणावर होती. त्या काळात घरी येणाऱ्या प्रत्येकाकडे उत्तर तयार असायचं. कोणी प्रारब्ध म्हणे, कोणी देवाची इच्छा, आणि शेवटी "सुटली बिचारी". माणसं चांगली होती, कळवळ्यानं बोलत होती. पण सांत्वनाला आलेल्या माणसाला "मला हे पटत नाही" असं म्हणता येत नाही. मान हलवायची आणि चहा पुढे करायचा.

थॉमसचं उत्तर ऑगस्टिनच्या आधारानं आहे. देव इतका समर्थ आणि चांगला आहे की वाइटातूनही तो चांगलं काढतो, म्हणून तो वाईट घडू देतो. नेमका हाच निबंध नातीच्या वाट्याला आला होता. तिनं तो नीट मांडला आणि शेवटी सांगितलं, "माझी आजी दोन वर्षं झिजली. हे उत्तर मला पुरत नाही." वर्ग गप्प झाला म्हणे. मग फादर म्हणाले, "मलाही नेहमी पुरत नाही. म्हणून आम्ही क्रूसाकडे बघतो. तिथं उत्तर लिहिलेलं नाही, तिथं देव स्वतः दुखण्यात आहे एवढंच दिसतं. तुला ते पटलंच पाहिजे असं नाही." आणि पुढच्या शनिवारी ती पुन्हा गेली. मला यातलं सगळ्यात मोल वाटलं ते या पुन्हा जाण्याचं.

आता आमच्या वहिनींचं. त्यांचा मध्येच फोन, "भाऊजी, पोरीले बाटवता का काय?" त्यांच्या काळजीला इतिहास आहे, ती हसण्यावारी नेता येत नाही. फादर स्टीफन्सचंच पाहा. हा इंग्लंडचा माणूस १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि मराठीत अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं ख्रिस्तपुराण रचलं. १६१६ साली ते रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. त्यातली मराठीची स्तुती आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. पण पुराणाच्या आरंभीचा प्रसंग फारसा कोणी सांगत नाही. चर्चमध्ये ख्रिस्ती शिकवण चालू असते, आणि एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग तशी दुसरी आम्हाला का देत नाही? प्रश्न किती साधा! पण हे साष्टीत चाललंय. तिथली देवळं १५६७च्या सुमारास पाडली गेली होती आणि गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होतं. त्या माणसाला 'मला तुमचं पुराणही नको' असं म्हणायची सोय होती का? ओव्या गोड आहेत, स्टीफन्सचं मराठीवरचं प्रेम खरं आहे, तरी हा प्रश्न मला सुटत नाही.

म्हणून मी वहिनींना एवढंच म्हणालो, "वहिनी, तिथं पोरीला 'नाही' म्हणता येतं. तिनं एकदा म्हटलंही, आणि तिला कोणी उठवलं नाही." चर्चनंही या बाबतीत मोठा पल्ला गाठला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ साली दोन गोष्टी जाहीर केल्या. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, आणि श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही जबरदस्ती होता कामा नये. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६४ मध्ये, पोप सहावे पॉल मुंबईला आले होते आणि त्यांनी आपल्या भाषणात बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना म्हटली होती. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. वहिनी यावर "बघा बुवा" म्हणाल्या. पूर्ण पटलंय असं नाही. त्यांनाही 'नाही' म्हणायचा हक्क आहेच की!

मला वाटतं, धर्म शिकवणाऱ्या कुठल्याही वर्गाची, मग तो चर्चमधला असो, मठातला की मदरशातला, ही एकच परीक्षा घ्यावी. प्रश्न विचारणारा समाधान न होता उठला, तर पुढच्या वेळी त्याच्यासाठी जागा असते का? असेल तर तिथं आपली पोरं खुशाल पाठवावीत. नसेल तर स्वतःच्या धर्माच्या वर्गातही पाठवताना विचार करावा.

थॉमसची आणखी एक गोष्ट नातीनं सांगितली. १२७३च्या डिसेंबरात प्रार्थनेच्या वेळी त्याला काही अनुभव आला आणि त्यानं लेखणी खाली ठेवली. आजवर लिहिलेलं सगळं मला तणसासारखं वाटतं, असं म्हणाला. ग्रंथ अपुराच राहिला. आता तणस म्हणजे फुकट, असं शहरातल्या माणसाला वाटेल. आम्हाला माहीत आहे की वर्षभर गुरं त्यावरच जगतात.

असो. लांबलं जरा. नात आता ख्रिस्तपुराणावर निबंध लिहिणार आहे आणि कठीण ओव्या मला विचारणार आहे, तेव्हा माझा अभ्यास चालूच राहील. तुमच्यापैकी कोणी वसईकडचे असाल, तर लहानपणीच्या त्या रविवारच्या वर्गाबद्दल जरूर कळवा. तिथं प्रश्न विचारता यायचे का?